विश्लेषण : पोटाच्या गोळीआधी हृदयाची चौकशी का हवी?

पोट फुगले, मळमळले, सकाळी पोट साफ झाले नाही, की आपल्याकडचा उपाय ठरलेला असतो. आधी ओव्याची फक्की, नाहीतर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेली ॲसिडिटीची कॅप्सूल. याच घरात एखाद्या मुलीला धावताना भोवळ येत असेल, एखादा काका तिशीतच झोपेत गेला असेल, तर ती गोष्ट कोणी पोटाशी जोडत नाही. पोटाची फाइल वेगळी, हृदयाची फाइल वेगळी, दोन्हींचे डॉक्टरही वेगळे.

पण काही कुटुंबांत या दोन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच जनुक असते, हे आता पुराव्यानिशी दिसले आहे. आणि जिथे पोटाची तक्रार अगदी साधी असते, तिथेही हृदयाचा आनुवंशिक दोष लपलेला असेल, तर पोटासाठी घेतलेली गोळी जिवावर बेतू शकते. असे रुग्ण थोडे असतात, हे खरे. तरी त्यांना ओळखायला लागणारी साधने महागडी नाहीत. दोन-चार प्रश्न आणि एक ईसीजी एवढ्यात बरेच काम होते. ते होत नाही, हा या लेखाचा मुद्दा आहे.

हृदय आणि आतडे यांच्यात सारखे काय?

दोन्ही अवयव आपल्या इच्छेविना, आयुष्यभर, तालात आकुंचन पावतात. हृदयात हा ताल उजव्या वरच्या कप्प्यातील पेशींचा एक छोटा पुंजका ठरवतो. पचनमार्गात हे काम ‘कहाल पेशी’ करतात. स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ कहाल यांच्यावरून हे नाव पडले. त्यांना १९०६ मध्ये नोबेल मिळाले होते. या पेशींमुळे जठरात मिनिटाला साधारण ३ आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला साधारण १२ विद्युत लाटा उठतात. अन्न पुढे सरकते ते या तालावर.

ताल म्हणजे वीज, आणि शरीरातील वीज म्हणजे सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांच्या कणांची पेशीच्या आत-बाहेर ये-जा. ही ये-जा पेशीच्या भिंतीतील सूक्ष्म दारांतून होते. दार कसे बनवायचे याची कृती जनुकात लिहिलेली असते. कृतीत चूक झाली, तर दार नीट उघडत नाही किंवा वेळेवर मिटत नाही. हृदयात अशी चूक झाली की त्याला आनुवंशिक ताल-विकार म्हणतात. ‘लाँग क्यूटी सिंड्रोम’ हा त्यातला सर्वाधिक अभ्यासलेला विकार. इटलीत ४० हजारांहून अधिक नवजात बालकांचे ईसीजी काढून केलेल्या अभ्यासात त्याचे प्रमाण साधारण २,००० मध्ये १ असे निघाले होते. ‘ब्रुगाडा सिंड्रोम’ हा दुसरा. पेद्रो आणि जोसेप ब्रुगाडा या बंधूंनी १९९२ मध्ये त्याचे वर्णन केले.

यातली बरीच दारे हृदयापुरती नसतात. तीच पचनमार्गातही असतात. मग चूक एका जागी त्रास देईल आणि दुसऱ्या जागी देणार नाही, असे का मानायचे?

संशोधनात काय दिसले?

‘एससीएन५ए’ हे जनुक हृदयातील सोडियमचे मुख्य दार बनवते. यातील काही बदलांमुळे लाँग क्यूटीचा तिसरा प्रकार होतो, तर काहींमुळे ब्रुगाडा. हेच दार माणसाच्या आतड्यातील कहाल पेशींत आणि स्नायूंतही आहे, हे अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी दाखवले. आतड्यातील ताण जाणवून त्याला प्रतिसाद देण्यातही या दाराचा वाटा असतो.

पुढचा प्रश्न ओघाने आलाच. वर्षानुवर्षे बद्धकोष्ठ, पोटदुखी, कधी जुलाब आणि सगळे रिपोर्ट ‘नॉर्मल’ असलेले आयबीएसचे रुग्ण असतात. त्यांच्यातल्या काहींमध्ये हे जनुक बिघडलेले असेल का? २०१४ मध्ये या गटाने ५८४ आयबीएस रुग्णांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १३ जणांत, म्हणजे २.२ टक्क्यांत, या जनुकात बदल सापडले. त्यांतील १० बदलांनी दाराचे काम प्रत्यक्ष बिघडवले होते आणि त्यापैकी ९ मध्ये दार कमजोर पडले होते. असे बदल असलेल्यांत जुलाबापेक्षा बद्धकोष्ठाचा आयबीएस अधिक आढळला.

त्यातल्या एका रुग्णाची गोष्ट बोलकी आहे. त्याच्यातील बदलाने दार सर्वाधिक कमजोर केले होते. प्रयोगशाळेत ‘मेक्सिलेटिन’ या औषधाने ते दार पुन्हा काम करू लागले. मेक्सिलेटिन हे हृदयाच्या तालाचे औषध. ते रुग्णाला दिल्यावर त्याचे पोट नियमित साफ होऊ लागले. पोटाच्या जुन्या तक्रारीवर हृदयाचे औषध लागू पडले.

एका रुग्णावरून उपचार ठरत नाहीत आणि मेक्सिलेटिन हे स्वतःहून घेण्याचे औषध मुळीच नाही. पण ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असे ऐकून कंटाळलेल्या रुग्णांसाठी यात एक दिलासा आहे. काहींच्या बाबतीत तरी दोष मनाचा नसून पेशीच्या दाराचा असतो.

१७ रुग्णांचे एक आडनाव नसलेले कुटुंब

२०१४ मध्येच कॅनडातील माँट्रियलच्या संशोधकांनी याहून स्पष्ट उदाहरण मांडले. १७ रुग्ण होते. त्यांपैकी १६ फ्रेंच-कॅनेडियन, एक स्वीडिश. सगळ्यांचा हृदयाचा ठोका नैसर्गिकरीत्या फार मंद किंवा अनियमित होता आणि सगळ्यांच्या आतड्यांची हालचाल जवळपास थांबली होती. आतड्यात कुठे अडथळा नाही, तरी अडथळा असल्यासारखी लक्षणे. काहींना पेसमेकर बसवावा लागला, काहींना शिरेतून पोषण द्यावे लागले.

या सगळ्यांत ‘एसजीओ१’ या एकाच जनुकात नेमका एकच बदल होता आणि तो आई व वडील दोघांकडून आलेला होता. संशोधकांनी या विकाराला ‘केड सिंड्रोम’ असे नाव दिले. क्युबेकमधील जुन्या वंशावळी तपासल्यावर त्याचा माग सतराव्या शतकापर्यंत गेला. पूर्वज एक, म्हणून दोष एक.

विशेष म्हणजे हे जनुक दार बनवणारे नाही. पेशीचे विभाजन होताना गुणसूत्रे वेळेआधी सुटू नयेत, याची ते राखण करते. म्हणजे हृदय आणि आतडे यांच्यातील नाते केवळ विजेच्या दारांपुरते नाही. ताल राखणाऱ्या पेशी टिकून राहण्याशीही त्याचा संबंध आहे.

हा विकार आपल्याकडे शोधत बसावे, असा याचा अर्थ नाही. अर्थ एवढाच, की तरुण वयात आतडी मंदावली आहेत आणि नाडीही मंद आहे, असा रुग्ण समोर आला, तर त्या दोन गोष्टी योगायोग म्हणून सोडून देऊ नयेत.

नात्यातली लग्ने आणि आपला प्रश्न

आई-वडील दोघांकडून दोष आला तरच होणारे आजार नात्यातल्या लग्नांमध्ये जास्त दिसतात. मामाच्या मुलीशी लग्न ही महाराष्ट्रातील अनेक समाजांत आजही मान्य असलेली रीत. म्हणून एका विकाराची ओळख आपल्याला असायला हवी.

१९५७ मध्ये नॉर्वेतील डॉक्टर येरवेल आणि लांग-नील्सन यांनी एका कुटुंबाची नोंद केली. सहा मुलांपैकी चार जन्मतः बहिरी होती, त्यांना भोवळ येऊन पडण्याचे झटके येत आणि त्यातील तिघे लहानपणीच अचानक दगावली. ईसीजीत क्यूटीचा काळ लांबलेला होता. आज या विकाराला या दोघांचेच नाव आहे. त्यात बहुतेकदा ‘केसीएनक्यू१’ या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. हे जनुक पोटॅशियमचे दार बनवते. ते दार हृदयात लागते, आतल्या कानात लागते आणि जठरात आम्ल तयार करणाऱ्या पेशींतही लागते. त्यामुळे अशा काही रुग्णांत जठरातील आम्ल कमी पडते, लोह नीट शोषले जात नाही आणि गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही, असे आढळले आहे.

जन्मतः बहिरे मूल, त्याला खेळताना किंवा घाबरल्यावर भोवळ आणि सोबत न सुधारणारा रक्तक्षय. आपल्याकडे अशा मुलाच्या तीन तक्रारी तीन ठिकाणी जातात. भोवळीला ‘फिट’ म्हणतात, रक्तक्षयाला ‘नीट खात नाही’ म्हणतात. जन्मतः बहिऱ्या मुलाचा एकदा ईसीजी काढणे हा नियम व्हायला हवा. कानाच्या शस्त्रक्रियेसाठी भूल देण्याआधी तर हवाच हवा.

सिसाप्राइडचा धडा

आता प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूला येऊ. ती जास्त जणांना लागू पडते.

क्यूटी म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावून पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार होईपर्यंतचा विजेचा काळ. ईसीजीच्या पट्टीवर तो मोजता येतो. तो फार लांबला, तर पुढचा ठोका चुकीच्या क्षणी पडतो, कप्पे वेडेवाकडे थरथरू लागतात, मेंदूला रक्त मिळत नाही आणि माणूस कोसळतो. कधी ताल आपोआप सावरतो, कधी नाही.

१९९३ मध्ये अमेरिकेत सिसाप्राइड हे पोटाचे औषध आले. छातीत जळजळ, जठराची मंद हालचाल यांवर ते चांगले चालत होते. पण ते हृदयातील पोटॅशियमचे एक दार अडवत होते. १९९९ अखेरपर्यंत अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे हृदयाचा ताल बिघडल्याच्या ३४१ नोंदी आल्या, त्यात ८० मृत्यू होते. यातील बहुतेक रुग्णांत धोका वाढवणारे काहीतरी आधीच होते. सोबत चालू असलेले दुसरे औषध किंवा हृदयाचा जुना दोष. २००० मध्ये ते तिथल्या बाजारातून काढण्यात आले. भारतात बंदी यायला २०११ उजाडले.

याच अनुभवातून २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम झाले आणि नव्या औषधाची क्यूटीवरील परिणामासाठी तपासणी होऊ लागली. पण हे नियम नव्या औषधांचे. जुनी औषधे आपल्या कपाटात आहेतच.

आपल्या कपाटात काय आहे?

डोमपेरिडोन हे नाव ओळखीचे नसेल, तर घरातल्या ॲसिडिटीच्या कॅप्सूलची पट्टी उलटून पाहा. आम्ल कमी करणाऱ्या औषधासोबत ते अनेकदा जोडलेले असते. युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये त्यावर मर्यादा घातल्या : फक्त मळमळ आणि उलटीसाठी, प्रौढांना एका वेळी १० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा आणि सहसा एका आठवड्यापेक्षा जास्त नाही. आपल्याकडे हीच गोळी ‘गॅसची गोळी’ म्हणून महिनोन्महिने, रोज अनशापोटी घेणारे लोक प्रत्येक सोसायटीत सापडतील.

जोडगोळीतील दुसरे औषधही पूर्ण निरुपद्रवी नाही. आम्ल कमी करणाऱ्या या गटातील औषधे दीर्घकाळ, साधारण वर्षभराहून अधिक घेतली, तर रक्तातील मॅग्नेशियम घटू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये दिला होता. मॅग्नेशियम घटले की ताल बिघडण्याचा धोका वाढतो. म्हणजे एकाच कॅप्सूलमधील दोन औषधे दोन वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचू शकतात.

त्यात तिसऱ्याची भर पडते. नायट्यासाठी दिले जाणारे इट्राकोनाझोल यकृतात डोमपेरिडोनचा निचरा होऊ देत नाही, त्यामुळे त्याचे रक्तातील प्रमाण वाढते. फ्लुकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन यांचेही तसेच. अॅझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन ही प्रतिजैविके आणि उलटीवरचे ऑन्डॅनसेट्रॉन स्वतःही क्यूटी लांबवू शकतात. जुलाब थांबवणारे लोपेरामाइड नेमून दिलेल्या मात्रेत बहुतांश लोकांना सुरक्षित असते, पण अतिमात्रेत तेही हृदयाचा ताल बिघडवते. त्वचेच्या डॉक्टरची चिठ्ठी एका खिशात आणि पोटाची गोळी दुसऱ्या खिशात, ही घराघरातली परिस्थिती आहे.

ही औषधे वाईट आहेत का? नाहीत. ऑन्डॅनसेट्रॉनमुळे उलट्या थांबून कितीतरी मुले सलाइनविना बरी होतात. निरोगी माणसाला एका वेळी एक औषध, ठरलेल्या मात्रेत, थोडे दिवस घेतल्याने सहसा काही होत नाही. धोका वाढतो तो दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की. आणि त्यातली एक गोष्ट जन्मापासून सोबत असेल, तर बाकीच्यांना फार काही करावे लागत नाही.

जुलाब-उलट्यांत काय होते?

आणखी एक साधी गोष्ट. जुलाब-उलट्यांतून पाण्यासोबत पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही वाहून जाते. क्यूटी लांबवण्यासाठी एवढेही पुरेसे असते. लाँग क्यूटी असलेल्या माणसासाठी बाहेरचे खाऊन लागलेली हगवण ही फक्त पोटाची बाब राहत नाही. अशा व्यक्तीने ओआरएस पहिल्या जुलाबापासून घ्यावे. त्यात पोटॅशियम असते. नुसत्या साखर-मिठाच्या पाण्यात ते नसते. उलटीमुळे ओआरएस टिकत नसेल, तर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठून रक्तातील क्षार तपासून घ्यावेत. दुर्बिणीने आतडे तपासण्याआधी पोट साफ करण्याचे औषध देतात, तेव्हाही हृदयाचा दोष आधी सांगायला हवा. उलट्यांमुळे तालाची रोजची गोळी पोटात टिकली नाही, तर तेही डॉक्टरांना कळवायला हवे.

मग सगळ्यांनीच ईसीजी काढायचा का?

इथे हृदयाचे आणि पोटाचेही काही डॉक्टर हरकत घेतील आणि ती रास्त आहे. आयबीएसच्या ५८४ पैकी ५७१ जणांत एससीएन५एचा दोष नव्हता. पोट दुखले म्हणून प्रत्येकाची जनुकीय तपासणी करणे म्हणजे पैसा आणि झोप दोन्ही घालवणे. शिवाय जनुकात बदल सापडला म्हणजे आजार आहेच, असेही नसते. अर्थ न लागणारे बदल अनेकांत सापडतात आणि धडधाकट माणूस विनाकारण रुग्ण होऊन बसतो.

संडासात बसल्यावर घेरी येणे, रक्त पाहून किंवा उन्हात फार वेळ उभे राहून चक्कर येणे हेही बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. त्याआधी डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो, मळमळते. हृदयाच्या तालामुळे येणारी भोवळ बऱ्याचदा अशी सूचना देत नाही. माणूस बोलता बोलता, धावता धावता, पोहता पोहता कोसळतो. काहींना फोनच्या किंवा गजराच्या अचानक आवाजाने झटका येतो, काहींना झोपेत. पडल्यावर हातपाय झटकले जाऊ शकतात, म्हणून ती फिट वाटते आणि वर्षानुवर्षे मिरगीची औषधे चालू राहतात.

तेव्हा प्रत्येकाचा ईसीजी नको, पण प्रत्येकाला प्रश्न हवेत. तीनच पुरेत. कधी अचानक शुद्ध हरपली आहे का? घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक, झोपेत किंवा पाण्यात बुडून गेले आहे का? सध्या दुसरी कोणती औषधे चालू आहेत? पहिल्या दोनपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर पोटाची गोळी लिहिण्याआधी ईसीजी काढावा आणि क्यूटी डोळ्यांनी मोजावा. यंत्राने छापलेल्या आकड्यावर विसंबून राहू नये. ईसीजी पाच-दहा मिनिटांत होतो आणि तालुक्याच्या ठिकाणीही काढता येतो. एक ईसीजी नॉर्मल आला म्हणून शंका मात्र पूर्ण फिटत नाही. इतिहास ठळक असेल, तर रुग्णाला हृदयतज्ज्ञाकडे पाठवावे.

काय बदलायला हवे?

पहिला बदल मेडिकलच्या काउंटरवर हवा. डोमपेरिडोन असलेली कॅप्सूल चिठ्ठीशिवाय, महिन्याच्या हिशेबाने देणे थांबले पाहिजे. आणि ‘अजून काही गोळ्या चालू आहेत का?’ हा प्रश्न फार्मासिस्टने विचारलाच पाहिजे. त्याच्या शिक्षणाचा उपयोग नेमका इथे आहे.

दुसरा बदल डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हवा. गोळी किती दिवस घ्यायची हे लिहिलेले असावे. ‘चालू ठेवा’ हे उत्तर नव्हे. तालाचा विकार माहीत असलेल्या रुग्णाला पोटाचा त्रास होतो का, हे हृदयतज्ज्ञानेही विचारावे. कारण ज्या गोळ्या त्याने टाळायच्या, त्या त्याला उद्या पोटाचा डॉक्टर देणार आहे.

तिसरा बदल घरातला आणि तो सर्वात अवघड. अकाली मृत्यूबद्दल आपण बोलत नाही. ‘देवाने नेले’, ‘बाहेरची बाधा झाली’ म्हणून फोटोला हार घालतो आणि विषय संपवतो. लाँग क्यूटीच्या नेहमीच्या प्रकारांत आई किंवा वडिलांपैकी एकात दोष असला, तरी प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून एकाचे निदान झाले, की आई-वडील, भावंडे आणि मुले सगळ्यांची तपासणी व्हायला हवी. मुलीचे लग्न अडेल म्हणून हे लपवले जाते, हेही खरे आहे. पण या विकारावर प्रोप्रानोलॉलसारखी जुनी, स्वस्त औषधे आहेत, गरज पडल्यास छातीत बसवायचे यंत्र आहे आणि निदान झालेली बहुतेक माणसे नोकरी-संसार करून नीट जगतात. लपवलेला विकार उपचार घेत नाही.

ज्यांना आधीच निदान झाले आहे, त्यांनी टाळायच्या औषधांची यादी आपल्या डॉक्टरांकडून घेऊन तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. मध्यरात्री उलट्या सुरू झाल्या आणि गावातल्या दवाखान्यात अनोळखी डॉक्टर सुई भरू लागला, तर तोच फोटो पुढे करता येतो.

कोणतीही चालू गोळी हे वाचून स्वतःहून बंद करू नका. मात्र पुढच्या वेळी पोटाच्या डॉक्टरकडे जाल, तेव्हा धावताना भोवळ येणाऱ्या मुलीबद्दल आणि झोपेत गेलेल्या काकांबद्दल त्यांनी विचारले नाही, तरी तुम्ही सांगा.